ब्रह्मदेशाला दिलेला हात

परवा पेपरात फोटो आला. दोन देशांचे दोन साहेब, मागे दोन झेंडे, पुढ्यात फुलांची परडी, आणि दोघांनी एकमेकांचे हात धरलेले. खाली मजकूर, की कडधान्याच्या आयातीचा करार पुढं चालू ठेवायचं ठरलं. साहेब एकमेकांकडं बघतच नव्हते. दोघंही कॅमेऱ्याकडं बघून हसून राहिले होते. असा फोटो दिसला की मला लातूरचे गुरलिंगप्पा आठवतात आणि माझा सगळा दिवस कडू जातो. हात कसा द्यायचा असतो हे या लोकांना कुणी शिकवलंच नाही.

मी नायगावची, नांदेडकडची. लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हा लातूर नवं नवं जिल्हा झालं होतं. रोज एक नवीन ऑफिस, रोज एक नवीन साहेब, आणि सगळ्यांना राहायला खोल्या पाहिजेत. एकट्या बाईला खोली म्हटल्यावर तर घरमालक वर पत्र्याकडं बघायचे. शेवटी कुणीतरी गुरलिंगप्पांचं नाव सांगितलं. गंजगोलाईपासून थोड्या अंतरावर त्यांची दाळ मिल होती, मिलच्या मागं घर, आणि घराच्या अंगाला एक रिकामी खोली.

अप्पा ओसरीवर बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, आणि खांद्यावर मोठा पांढरा रुमाल. दुसऱ्या कुणी त्याला उपरणं म्हटलं असतं, अप्पा रुमालच म्हणायचे. मी सरळ विचारलं, भाडं किती? अप्पांनी अशी मान फिरवली जशी मी काही अभद्र बोलले.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "जरा हिकडं ये. भाव करायचाय."

त्यांची बायको, गौराक्का, हात पुसत बाहेर आली. अप्पांनी रुमाल खांद्यावरून काढला, तिच्या हातावर टाकला, आणि रुमालाखाली दोघांनी हात धरले. मग अक्कानं तोच रुमाल माझ्या हातावर ओढला आणि माझी बोटं दाबायला लागली. एकदा तीन बोटं, एकदा नुसती करंगळी, पुन्हा सगळा पंजा. मला काय कळतंय? मी मास्तराची पोरगी, अडत बाजाराचं तोंड कधी बघितलं नव्हतं. बाई मायेनं हात धरतीय म्हणून मी पण मायेनं तिचा हात दाबला.

"झालं," अप्पा म्हणाले. "ठरलं. सामान घेऊन या."

काय ठरलं ते मला महिना संपल्यावर कळलं. भाडं जरा जास्तच होतं. पण अक्का रोज सकाळी ज्वारीची गरम भाकरी पाठवायची, त्यामुळं मी मुकाट्यानं दिलं.

ही त्या बाजाराची रीत होती. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. आणि शेवटी सगळा पंजा दाबला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. चिठ्ठी नाही, सही नाही. ही रीत लबाडीला सोपी आहे असं पुढं सरकारनं ठरवलं आणि ते काही खोटं नव्हतं. रुमालाखाली शेतकऱ्याला नागवणारे अडते मी स्वतः बघितलेत. पण अप्पांच्या रुमालाखाली तसं कधी झालं नाही. "तोंड बोलतं," ते म्हणायचे, "हात सांगतो." त्यांच्या सख्ख्या भावानं एकदा हात देऊन सौदा फिरवला होता. अप्पा त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, आणि पाण्याचा घोटही न घेता परत आले. पुढं तो भाऊ मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. अक्का रडली, भाऊ दारात येऊन उभा राहिला, तरी नाही. देवमाणूस वगैरे म्हणून मी त्यांना डोक्यावर घेणार नाही. माणूस हेकट होता.

खिशात कायम तुरीचे दाणे. बोलता बोलता एक दाणा पुढच्या दाताखाली धरायचा, कट्ट आवाज झाला की मान हलवून तो चावून खायचा. आवाज नाही झाला तर तोंड कडू. माझ्याही हातावर दाणा ठेवायचे. "चाव, मास्तरीण. आवाज आला का? मग वाळलीय." एकदा माझ्याकडं आलेल्या प्राचार्यांच्या हातावर ठेवला. प्राचार्यांनी तो न चावताच गिळला. अप्पा त्या माणसाबद्दल पुन्हा कधी चांगलं बोलले नाहीत.

जिल्हा झाल्याचा आनंद त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला झाला नसेल. कलेक्टर कचेरीत बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या तर यांनी घरच्या दिल्या. "आता दर सहीला उस्मानाबाद गाठायचं काम न्हाई," म्हणायचे. "आता दुनिया हितं येईल." पण दुनियेच्या आधी दुष्काळ आला. एक पाऊस गेला, मग दुसराही गेला. मांजरा नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागली. तूर खांद्याएवढी वाढायची ती गुडघ्यालाच वाळली. अडतीत पोत्यांच्या थप्प्या लागायच्या तिथं कुत्री झोपून राहायची. आणि एक दिवस अप्पांनी मिलचा पट्टा काढून खुंटीला अडकवला.

मिलमध्ये दाळ पाखडायला आणि निवडायला बाया होत्या. त्यांची म्होरकी हसीनाबी. नवरा नाही, तोंड तिखट, सुपावर हात असा चालायचा की बघत राहावं. मिल बंद झाली तशा बाया म्हणाल्या, खडी फोडायला जाऊ नाहीतर उसाला. त्या गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या. हसीनाबी ओसरीपुढं येऊन उभी राहिली.

"अप्पा, सच्ची बोलो. मिल चलींगी क्या न्हाई? चलती नसंल तर आमी जातो. झूटी आस नक्को."

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "अगं ए, हिकडं ये." परक्या बाईचा हात ते धरायचे नाहीत. त्यांनी रुमालाखाली अक्काचा हात दाबला, अक्कानं हसीनाबीचा. सगळा पंजा.

"मिल चालणार," अप्पा म्हणाले. "आन् तुमीच निवडणार. हात दिला तुला."

बाया थांबल्या. रोजगार हमीच्या कामावर अर्धा दिवस खडी फोडायच्या, पण गाव सोडून गेल्या नाहीत. हा हात अप्पांच्या मानेवर बसला. तूर आणायची कुठून, एवढाच घोर. नांदेड बघितलं, हिमायतनगरपर्यंत जाऊन आले, तिकडंही तेच. माणूस झोपेनासा झाला.

अशात कलेक्टर कचेरीतून निरोप आला. बर्माचे लोक येणार. दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीतले व्यापाराचे साहेब आणि रंगूनहून आलेले दोघं. त्यांच्याकडं तूर पिकते पण ते लोक खात नाहीत. आपल्याकडं खातात पण पिकलेली नाही. लातूरच्या मिला बघायच्या म्हणून येणार. अप्पा माझ्या दारात आले. दोन दिवसांची दाढी केली होती, डोळे चमकून राहिले होते.

"मास्तरीण, त्या दिवशी सुट्टी टाक. त्यांचं इंग्रजी मला सांगायचं आन् माझं त्यांना. कलेक्टरचा माणूस नको, तो अर्धंच सांगतो."

मी सुट्टी टाकली. वकिलातीतले साहेब म्हातारे होते, गोरटेले, नम्र, आणि खाली लुंगी. लुंगी बघून अप्पांचं मन भरलं. "बघ, आपल्यातलाच माणूस हाय." त्यांच्यात मोठ्या माणसाच्या नावाआधी 'ऊ' लावतात हे मी सांगितलं तेव्हा बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. आमच्याकडं ऊ डोक्यात होते. अप्पांनी डोळे वटारले आणि दिवसभर त्यांना 'ऊसाहेब, ऊसाहेब' करत हिंडवलं. बंद मिलचा पट्टा एका दिवसापुरता चढवला. घरात खायला ठेवलेलं तुरीचं शेवटचं पोतं ओतून दाळ करून दाखवली. कसा दाणा पाहिजे, किती वाळलेला, भिजवून वजन वाढवलेला कसा ओळखायचा, सगळं दाखवलं. ऊसाहेबांच्या हातावर दाणा ठेवला आणि म्हणाले, चावा. त्यांनी चावला. कट्ट झालं. अप्पा माझ्याकडं बघून हसले. प्राचार्यांना जमलं नव्हतं ते ऊसाहेबांना जमलं.

जेवणं झाली, हार घातले, कलेक्टर चार शब्द बोलले. मग अप्पा उठले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी ऊसाहेबांच्या हातावर टाकला आणि खाली हात धरला. मी बाजूलाच होते. रुमाल हलताना दिसत होता. अप्पा भाव सांगत होते, माल सांगत होते, दिवाळीच्या आत म्हणून सांगत होते. ऊसाहेब हसून राहिले होते. शेवटी त्यांनी दुसरा हातही रुमालाखाली घातला आणि दोन्ही हातांनी अप्पांचा पंजा दाबला, मायेनं, चांगला घट्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गाड्या गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, त्यांना बोटांचं काय कळलं असेल? त्यांना वाटलं असेल आपल्याकडची नमस्काराची पद्धत आहे."

"तुला तरी कुठं कळलं होतं?" अप्पा म्हणाले. "तू हसून अक्काचा हात दाबलास. भाडं दिलंस का न्हाई?"

दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला. हैदराबादचा एक व्यापारी मशिनरी विकत मागत होता, त्याला परत पाठवलं. पट्टा नवीन आणला, गच्चीवर दाळ वाळवायची जागा सारवून घेतली. काही आठवड्यांनी रेडिओवर बातमी लागली, दोन्ही देशांत करार झाला. अप्पांनी गल्लीत साखर वाटली. हसीनाबीनं सुपं झटकून भिंतीला लावली. दिवाळी आली. दिवाळी गेली. माल मुंबई बंदरात उतरल्याची बातमी लातूरला आली, माल नाही आला.

"बोट उशिरा सुटली असंल," अप्पा म्हणायचे. मग म्हणायचे, "पत्ता चुकला असंल." आणि एक दिवस अक्का, अप्पा आणि मी गाड्या बदलत बदलत दिल्लीला गेलो. अक्काला सोबत घेतलं ते मला सोबत म्हणून. अप्पांनी कोरा रुमाल घेतला होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

वकिलातीच्या फाटकावर आम्हाला कुणी हाकललं नाही, ते तेवढं मी कबूल करते. आत बसवलं, चहा दिला. ऊसाहेब स्वतः बाहेर आले, अप्पांना ओळखलं, अक्काला वाकून नमस्कार केला. मग मऊ आवाजात मला समजावून सांगितलं. करार सरकारांचा आहे. माल जहाजानं जातो, आणि एका जहाजाचा सगळा माल उचलेल अशा बंदरावरच्या मोठ्या व्यापाऱ्यालाच तो मिळतो. लातूरची एक मिल म्हणजे फार लहान गोष्ट आहे. त्यांना वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं, तेच जास्त लागलं.

मी सगळं मराठीत सांगितलं. अप्पा ऐकत होते. "पण हात दिला हुता की त्यांनी," एवढंच म्हणाले. हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा ऊसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. हो हो, म्हणाले, तो रुमालाचा खेळ. मी घरी सगळ्यांना सांगितलाय. आणि त्यांनी आतून आपल्या बायकोला बोलावून घेतलं, ऑफिसातली दोन माणसंही आली, सगळे कौतुकानं उभे राहिले. ऊसाहेब मला म्हणाले, यांना सांगा, एकदा करून दाखवा.

हे वाक्य मला मराठीत सांगावं लागलं. मी आयुष्यात पुष्कळ भाषांतरं केली, पण ते एक वाक्य अजून माझ्या तोंडात कडू लागतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या सगळ्यांकडं. रुमाल खांद्यावरच होता, कोरा, पांढरा.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "रुमाल धुवायला टाकलाय."

मी सांगितलं. ऊसाहेबांनी त्यांच्या खांद्याकडं बघितलं, आणि त्या भल्या माणसाला काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. परतीच्या गाडीत अप्पांनी रुमाल अक्काला दिला. तिनं त्यात भाकरी बांधली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि काय झाला. तूर अशी आली की अडतीत पाय ठेवायला जागा नाही, अप्पांची मिलही सुरू झाली. देवणीकडून, निलंग्याकडून गाड्याच गाड्या. आणि त्याच वेळी बंदरात बर्माची जहाजं लागली. करार चालूच होता, दुष्काळात केलेला करार काही पाऊस बघून थांबत नाही. बाजारात त्या तुरीला लेमन म्हणायला लागले. दाणा एकसारखा, वाळलेला, लातूरच्या मिलला पाहिजे तसा. कुणी शिकवलं त्यांना? आमच्या तुरीचा भाव असा पडला की काही लोक गाड्या तशाच वळवून घेऊन गेले.

मिलमध्ये ऊसाहेबांना हार घातल्याचा फोटो होताच सगळ्यांच्या लक्षात. एक म्हातारा शेतकरी भर अडतीत अप्पांच्या पुढं येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं अप्पांनाच माल घालणारा. "अप्पा, त्यांला हार घातलावं. आता आमच्या तुरीला बी घाला, म्हंजे मयत पुरी व्हईल." बाजूचे हसले. त्या म्हाताऱ्याची सगळी तूर अप्पांनी दुसऱ्यांपेक्षा चढ्या भावानं घेतली, आणि म्हाताऱ्यानं पैसे घेऊन त्यांच्या ओसरीपुढं थुंकून गाडी हाकली. मला तेव्हा इतका राग आला की काय सांगू. कुणावर काढायचा ते मात्र कळेना. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

असं चढ्या भावानं घेऊन मिल किती दिवस चालणार? पट्टा पुन्हा खुंटीला गेला. त्याच सुमारास माझी बदली नांदेडला झाली. खोली सोडताना अक्कानं ओटी भरली, अप्पा आतून बाहेर आलेच नाहीत.

मध्ये बरीच वर्षं गेली. अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी लातूरला गेले. घराला कुलूप होतं. पण मिल चालू होती. लांबूनच आवाज आला, तोच धडधड आवाज. फाटकावर नवीन पाटी, बंदरावरच्या कुणा व्यापाऱ्याच्या नावाची. ट्रकमधून पोती उतरत होती आणि पोत्यांवर परक्या भाषेतली गोल गोल अक्षरं होती. आत बाया सुपं घेऊन बसल्या होत्या. हसीनाबी पांढरी झाली होती, पण हात तसाच चालत होता.

अप्पा समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसलेले दिसले. मिलकडं पाठ करून. मी शेजारी बसले. त्यांनी ओळखलं. खांदा मोकळा होता, रुमाल नव्हता.

"मशिनरी भंगारात घातली असती तर दुप्पट आलं असतं," टपरीवाला मला हळूच म्हणाला. "ह्यांनी ह्या पाटीवाल्यालाच दिली, कमीत. अट एकच, मिल चालली पायजे आन् बाया ह्याच पायजेत."

मी अप्पांना विचारलं, "बर्माच्या तुरीवर चालणार हे माहीत असून?"

"हसीनाबीला हात दिला हुता," ते म्हणाले. "अक्काच्या हातानं."

"आणि या व्यापाऱ्याला?"

"त्येला हात न्हाई दिला. सही दिली."

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. हसीनाबी रस्ता ओलांडून आली, पदरातून मूठभर तूर काढली आणि अप्पांच्या पुढं धरली. रोजचंच असावं. अप्पांनी एक दाणा उचलला, पुढचा दात आता राहिला नव्हता म्हणून दाढेखाली धरला. कट्ट आवाज मला ऐकू आला.

"चांगली हाय," ते म्हणाले. दाणा त्यांनी गिळला नाही. उठून गटारीपाशी गेले, थुंकले, आणि पुन्हा मिलकडं पाठ करून बाकड्यावर येऊन बसले.